‘वॉकर’ : अर्थ हरवलेले एक आडनाव

इंग्रजी साहित्याचा इतिहास शिकताना व शिकवताना आपण कितीतरी नावे घेतो. चॉसर, वेब्स्टर, फुलर, वॉकर ही नावे आपल्या दृष्टीने केवळ व्यक्तींच्या ओळखीच्या खुणा असतात. प्रत्येक आडनाव हे कधी काळी बोलभाषेतला एक साधा, अर्थपूर्ण शब्द होता, याचे स्मरण आपल्याला सहसा राहत नाही. शब्दाचा अर्थ झिजत जातो, त्याचे केवळ नाव उरते आणि ते नाव धारण करणाऱ्या माणसालाही आपण कोणता शब्द वागवत आहोत हे ठाऊक नसते. भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने ही प्रक्रिया फार उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखात ती एकाच आडनावाच्या आधारे पाहावयाची आहे. ते आडनाव म्हणजे ‘वॉकर’.

हे आडनाव निवडण्याचे कारण असे की, त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे असे सर्वांनाच वाटते. शालेय इंग्रजी जाणणारा विद्यार्थीही चटकन सांगेल की ‘वॉक’ म्हणजे चालणे आणि ‘वॉकर’ म्हणजे चालणारा. ही व्युत्पत्ती सोपी आहे, स्वाभाविक आहे आणि चुकीची आहे. मात्र ती चुकीची आहे एवढे सांगून विषय संपत नाही. एखाद्या नावाचा ‘खरा’ अर्थ कोणता, तो ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या आडनावाच्या इतिहासात अखेरपर्यंत आपली सोबत करतो.

शब्दाचे मूळ

प्राचीन इंग्रजीत ‘वेआल्कन’ असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ लोळवणे, घुसळणे, इकडून तिकडे हलवणे असा होता. समुद्राच्या लाटांच्या खळबळीसाठीही ते वापरले जाई. पायी जाण्यासाठी त्या भाषेत वेगळी क्रियापदे होती. ‘वेआल्कन’पासून ‘वेआल्केरे’ हे नाम तयार झाले आणि ते एका विशिष्ट कारागिराला लावले गेले. नवे विणलेले लोकरीचे कापड पाण्यात तुडवून, मळून घट्ट करणारा तो वेआल्केरे. जर्मन भाषेत ‘वाल्केन’ या सजातीय क्रियापदाचा हा अर्थ आजही शिल्लक आहे.

पुढे, साधारणतः इ. स. १२००च्या सुमारास, मध्ययुगीन इंग्रजीत या क्रियापदाला ‘पायी जाणे’ हा अर्थ चिकटला आणि हळूहळू त्याने जुन्या अर्थाला बाजूला सारले. परंतु धंद्याचे नाव या बदलात सामील झाले नाही. क्रियापद नव्या अर्थाच्या वाटेने गेले, नाम जुन्या अर्थापाशीच थांबले. दोघांचे रूप सारखे राहिले, अर्थ मात्र दुरावले. आजच्या वाचकाची जी फसगत होते तिचे मूळ इथे आहे.

धंदा आणि त्याची तीन नावे

हा धंदा नेमका काय होता हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण आपल्याकडे सुती कापडाची परंपरा मोठी असल्याने लोकरीच्या कापडावरील या संस्काराला मराठीत रुळलेला असा एक शब्द नाही. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरळ, सैल आणि तेलकट असते. त्याला वापरण्याजोगे करण्यासाठी ते कुंडात टाकून तासन् तास तुडवीत. पाण्यात साठवून आंबवलेले मूत्र मिसळीत, कारण त्यातील अमोनियामुळे लोकरीतील चिकटपणा निघतो. शिवाय एक प्रकारची तेल शोषणारी माती वापरीत. तिला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात. आपल्याकडे चेहऱ्याला लावण्यासाठी मिळणारी मुलतानी माती ती हीच. तुडवण्याने लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतत, कापड आटे, जाड आणि दाट होई. मग ते धुऊन उघड्यावर लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवीत. या ताणलेल्या कापडावरूनच, जीव टांगणीला लागणे या अर्थाचा ‘टेंटरहुक्स’ हा वाक्प्रयोग इंग्रजीत आला. काम अंग मोडणारे होते आणि दुर्गंधीचेही होते. पाँपेई येथे उत्खननात सापडलेल्या भित्तिचित्रांत रोमन काळातील असे कामगार कुंडात उभे राहून कापड तुडवताना दिसतात. धंद्याची रीत तेव्हापासून शेकडो वर्षे फारशी बदलली नव्हती.

या एकाच कारागिराला इंग्लंडमध्ये तीन नावे होती आणि त्या तिन्हींची आडनावे झाली. पहिले ‘वॉकर’. दुसरे ‘फुलर’. हे लॅटिन ‘फुल्लो’ या शब्दावरून प्राचीन इंग्रजीत आले आणि नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दाने त्याला बळ दिले. तिसरे ‘टकर’. हे प्राचीन इंग्रजीतील ‘तूकियन’ या क्रियापदावरून आलेले असून त्याचा मूळ अर्थ छळणे, पीडा देणे असा आहे. कापडाला जे सोसावे लागते त्याचे हे चांगले वर्णन म्हणावे लागेल.

ही तीन नावे इंग्लंडभर सरमिसळ पसरलेली नव्हती. तिघांचे प्रदेश वेगळे होते. ‘फुलर’ आग्नेयेस आणि पूर्वेस म्हणजे केंट, ससेक्स, सफोक, नॉरफोक या भागांत. ‘टकर’ नैर्ऋत्येस म्हणजे डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेट, डॉर्सेट येथे. आणि ‘वॉकर’ उत्तरेस, मध्य प्रांतांच्या मोठ्या भागात व स्कॉटलंडमध्ये. मध्ययुगीन बोलींच्या सीमाच जणू या आडनावांनी नकाशावर आखून ठेवल्या आहेत. स्थळनामेही त्यास दुजोरा देतात. कापड कुटण्याच्या पाणचक्कीला उत्तरेत ‘वॉक मिल’ तर नैर्ऋत्येत ‘टक मिल’ म्हणत. डेव्हनमधील एक्सेटर शहरात या कारागिरांच्या संघाचे १४७१ साली बांधलेले सभागृह अद्याप उभे आहे आणि त्याचे नाव ‘टकर्स हॉल’ आहे. वेल्समध्ये अशा चक्कीला ‘पंडी’ म्हणत. टोनीपंडी या गावाच्या नावात ती आजही ऐकू येते.

येथे संशोधकांपुढील एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. तेराव्या शतकातील कारकून आपली दप्तरे बहुधा लॅटिनमध्ये ठेवीत. गावात ज्याला सगळे वॉकर किंवा टकर म्हणत त्याची नोंद दप्तरात ‘फुल्लो’ अशी होई. बोलीतले नाव लॅटिनखाली झाकले जाई. म्हणून या आडनावांचा भूगोल मांडताना अभ्यासकांना लॅटिन नोंदी बाजूला ठेवून देशी रूपांचाच शोध घ्यावा लागतो. गुस्टाव्ह फ्रॅन्सन या स्वीडिश अभ्यासकाने १९३५ साली मध्ययुगीन इंग्लंडमधील व्यवसायवाचक आडनावांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला तो या दृष्टीने मूलभूत ठरला. पुढे पी. एच. रीनी यांचा कोश (१९५८) आणि अलीकडे ऑक्सफर्डने २०१६ साली प्रसिद्ध केलेला ब्रिटन व आयर्लंडमधील कुलनामांचा बृहत्कोश यांनी ही परंपरा पुढे नेली.

शब्दाचे आडनाव केव्हा होते?

एखाद्याला त्याच्या धंद्यावरून हाक मारणे ही एक गोष्ट आणि ती हाक मुलानातवंडांकडे वारशाने जाणे ही दुसरी गोष्ट. यॉर्कशरमधील कापड तुडवणाऱ्या जॉनला ‘जॉन द वॉकर’ म्हटले, तेव्हा ते वर्णन होते. त्याचा मुलगा लोहारकाम करू लागला आणि तरीही लोक त्याला वॉकरच म्हणू लागले, त्या क्षणी ते आडनाव झाले. अर्थ सुटला आणि नाव उरले. वर्णन जोपर्यंत खरे असते तोपर्यंत ते वर्णनच असते; ते खोटे ठरूनही टिकले की त्याचे आडनाव होते.

इंग्लंडमध्ये हे स्थित्यंतर बाराव्या ते चौदाव्या शतकांत घडले. जमीनदारांत ते आधी आले, सामान्यांत नंतर. दक्षिणेत आधी, उत्तरेत उशिरा. जमिनीच्या वारशाचे व्यवहार, न्यायालयीन कागदपत्रे आणि करवसुली यांनी त्याला गती दिली. १३७७, १३७९ आणि १३८१ साली बसवलेल्या डोईपट्टीच्या याद्या या दृष्टीने महत्त्वाचे साधन आहेत. त्यांतील काही याद्यांत नावासोबत माणसाचा धंदाही नोंदलेला असल्याने नाव आणि धंदा यांची जोडी जुळते की फुटते हे तपासता येते.

याचे साहित्यातील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे स्वतः जेफ्री चॉसर. त्याच्या आडनावाचा फ्रेंचमधील अर्थ पादत्राणे वा पायमोजे करणारा असा होतो. त्याचे वडील जॉन चॉसर मात्र लंडनमधील मद्यव्यापारी होते आणि तो स्वतः राजदरबारी नोकर, जकात अधिकारी व कवी. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत विणकर आहे, रंगारी आहे, कापडाचा धंदा करणारी बाथची स्त्री आहे; या दोन टप्प्यांच्या मधला कापड तुडवणारा मात्र त्या यात्रेत नाही.

१४१३ साली, पाचव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, एक कायदा झाला. काही प्रकारच्या फिर्यादींत प्रतिवादीच्या नावापुढे त्याचा दर्जा वा धंदा आणि राहण्याचे ठिकाण स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, असे त्याने ठरवले. म्हणजेच नावावरून धंदा कळत नाही ही गोष्ट तोवर राज्यालाही मान्य करावी लागली होती. मराठी वाचकाला हे समजण्यास अवघड नाही. कुलकर्णी आणि देशपांडे ही वतने कायद्याने संपली. आडनावे त्यांच्यामागे खुशाल चालू आहेत.

पाय गेले, नाव राहिले

वॉकर या नावाच्या बाबतीत आणखी एक विसंगती आहे आणि ती अधिक खोल आहे. ज्या काळात हे नाव पक्के होत होते, नेमक्या त्याच काळात पायांनी कापड तुडवण्याचे काम यंत्राकडे जात होते. पाण्याच्या चाकाला जोडलेले लाकडी हातोडे आळीपाळीने वर उचलून कापडावर आदळणारी चक्की इंग्लंडमध्ये बाराव्या शतकात दिसू लागली. टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथाने ११८५ साली आपल्या मालमत्तेची जी नोंद केली तीत यॉर्कशर आणि ग्लॉस्टरशर येथील अशा चक्क्यांचा उल्लेख आहे. सूतकताई आणि विणकाम यांना यंत्राची जोड मिळण्यास अठरावे शतक उजाडावे लागले. कापड तुडवण्याचे काम त्याआधी जवळजवळ सहाशे वर्षे पाण्यावर गेले होते.

ई. एम. कॅरस-विल्सन या विदुषीने १९४१ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात या बदलाला ‘तेराव्या शतकातील औद्योगिक क्रांती’ असे नाव दिले. चक्कीला वेगाने वाहणारे पाणी हवे, म्हणून कापडाचा धंदा सपाट प्रदेशांतील जुन्या शहरांतून निघून पश्चिमेच्या व उत्तरेच्या डोंगराळ खेड्यांकडे सरकला, असे त्यांचे प्रतिपादन होते. नंतरच्या इतिहासकारांनी त्याला मुरड घातली. शहरांच्या ऱ्हासाची अन्य कारणे होती आणि चक्कीचा प्रसार सर्वत्र सारखा नव्हता, हे त्यांनी दाखवले. तरीही एक गोष्ट वादातीत आहे. चक्की ही तांत्रिक सोय होती तशी ती सत्तेचीही खूण होती. चक्की जमीनदाराची असे आणि कापड तिथेच आणण्याची सक्ती करून तो त्यावर मोबदला घेई. सेंट ऑल्बन्स येथे १२७४च्या सुमारास मठाधिपतीने अशी सक्ती करताच, घरीच कापड तुडवणारे नागरिक आणि मठ यांच्यात मोठा तंटा उभा राहिला. गावातील स्त्रियांनी राणीपुढे आपले गाऱ्हाणे मांडल्याचा वृत्तांत मठाच्याच बखरीत आहे. खटल्यात नागरिकांना यश आले नाही. स्वतःच्या पायांनी स्वतःचे कापड तुडवण्याचा हक्क हा एके काळी भांडण्याचा विषय होता, ही गोष्ट ‘वॉकर’ या शब्दाकडे पाहताना विसरता कामा नये.

या संक्रमणाची साक्ष साहित्यातही आहे. विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या चौदाव्या शतकातील काव्याच्या दुसऱ्या पाठात बाप्तिस्म्याविषयी बोलताना एक दृष्टान्त येतो. मागावरून नुकतेच आलेले कापड जसे तुडवल्यावाचून अंगावर घालण्यायोग्य होत नाही, तसे नवजात मूलही संस्कारावाचून अपुरे असते, असा त्याचा आशय आहे. बाप्तिस्मा देणे आणि कापड तुडवणे या दोन्हींसाठी मध्ययुगीन इंग्रजीत एकाच उच्चाराचे क्रियापद होते. कवीने त्या श्लेषाचा उपयोग केला आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की तिथे पायाने तुडवणे आणि चक्कीत कुटणे असे दोन्ही पर्याय शेजारीशेजारी आले आहेत. दोन्ही रीती कवीने पाहिल्या होत्या. सर्व्हान्टिसच्या ‘डॉन किहोते’त (१६०५) रात्रीच्या काळोखात नायकाला व सांचोला जो भयंकर धडधडाट ऐकू येतो आणि सकाळी ज्याचा फजितीकारक उलगडा होतो, तो आवाज याच प्रकारच्या चक्कीच्या हातोड्यांचा आहे. तोवर पाय कथेतून निघून गेले होते, हातोडे उरले होते.

लंडनमध्ये या कारागिरांच्या संघाला १४८० साली सनद मिळाली. १५२८ साली तो कापडावरील लव कातरणाऱ्यांच्या संघात विलीन होऊन ‘क्लोथवर्कर्स’ हा नवा संघ झाला. संघाच्या नावातूनही धंद्याचे जुने नाव गेले. ते राहिले फक्त आडनावांत.

ज्यांची आडनावे झाली नाहीत

आडनावांवरून समाजाचा इतिहास लिहिताना एक धोका संभवतो. आडनाव बापाकडून मुलाकडे जाते. म्हणून ते पुरुषांचे श्रम लक्षात ठेवते. पायांनी कापड घट्ट करण्याचे काम सर्वांत अधिक काळ जिथे टिकले तिथे ते बायकांचे काम होते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीझ बेटांवर विसाव्या शतकापर्यंत स्त्रिया लांब फळीभोवती बसून ओले कापड हातांनी, क्वचित पायांनी, तालात आपटीत आणि फिरवीत. स्कॉट भाषेत या कामाला ‘वॉकिंग’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या वेआल्कनचाच वंशज आहे. या कामाच्या तालावर म्हटलेली गेलिक गाणी ही युरोपातील श्रमगीतांचा एक मोठा ठेवा आहे. जॉन लॉर्न कॅम्बेल आणि फ्रान्सिस कॉलिन्सन यांनी १९६९ ते १९८१ या काळात तीन खंडांत त्यांचे संपादन केले. एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी पालुपद धरायचे, ही त्यांची रीत. प्रेम, विरह, सासरचा जाच, बुडालेले दर्यावर्दी हे त्यांचे विषय. जात्यावरच्या ओवीच्या अभ्यासकाला येथे तुलनेस भरपूर वाव आहे. या बायकांच्या श्रमावरून कोणाचे आडनाव पडले नाही. त्यांची आठवण गाण्यांनी ठेवली.

गेलिक भाषेत या धंद्याच्या माणसाला ‘फूकदर’ म्हणत आणि ‘मॅक अन ऊकदर’ म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा असे आडनावही होते. गेलिकची पीछेहाट होत गेली तशी या कुटुंबांपैकी काहींनी आपले आडनाव सरळ इंग्रजीत आणून ‘वॉकर’ केले. येथे आडनाव उच्चाराने गेले नाही, अर्थाने गेले. ज्या काळात इंग्रजी बोलणारा वॉकर आपल्या नावाचा अर्थ विसरला होता त्या काळात गेलिक बोलणाऱ्याला तो ठाऊक होता.

आजचा नकाशा

इंग्लंड व वेल्समधील पन्नास सर्वाधिक प्रचलित आडनावांची यादी जन्ममृत्यू नोंदणी खात्याने १८५३ सालच्या अहवालात दिली. तीत वॉकर पहिल्या विसांत आहे. फुलर आणि टकर त्या मानाने कितीतरी मागे आहेत. धंदा एकच असताना हे अंतर का पडावे? एक तर ‘वॉकर’ या बोलीरूपाचा प्रदेशच मुळात मोठा होता. शिवाय अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी यांमुळे लोकसंख्येची जी वाढ झाली ती यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगसारख्या उत्तरेकडील भागांत मोठी होती. नावाच्या मूळ धंद्याशी या वाढीचा तसा संबंध नाही, पण ज्या कापडाने हे नाव दिले त्याच कापडाने पुढे ते वाढवले, असे म्हणता येते.

१८८१च्या जनगणनेवरून तयार झालेल्या आडनावांच्या नकाशांत ही मध्ययुगीन वाटणी स्पष्ट उमटते. उत्तरेत वॉकर दाट, नैर्ऋत्येत टकर, आग्नेयेत फुलर. पाचशे वर्षांत स्थलांतरे झाली, यादवी युद्ध झाले, आगगाडी आली, तरी नकाशाचा रंग पुसला गेला नाही. एच. बी. गप्पी यांनी १८९० साली शेतकऱ्यांच्या आडनावांवरून कुलनामांची मूळ ठिकाणे शोधण्याचा जो प्रयत्न केला त्यामागे हेच निरीक्षण होते की जमिनीला बांधलेली माणसे फार दूर जात नाहीत. माणसे विसरली तरी भूगोलाने आठवण ठेवली.

मात्र सर्व वॉकर एका कुळाचे आहेत असा याचा अर्थ नाही. प्रत्येक कापडाच्या गावात एक तरी वॉकर होताच. ब्रिटिश आडनावांवर टूरी किंग व मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या जनुकीय संशोधनात असे दिसले की दुर्मीळ आडनावांचे पुरुष बहुधा थोड्या मूळपुरुषांचे वंशज असतात, तर स्मिथसारख्या प्रचलित व्यवसायवाचक आडनावाच्या पुरुषांत सर्वसाधारण लोकसंख्येइतकीच विविधता असते. समान आडनाव हे रक्ताचे नाते नव्हे, समान धंद्याची आठवण आहे. त्यातही अपवाद संभवतात. न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचे एक ठिकाण आहे. रोमन भिंतीजवळची दलदल असा त्याचा अर्थ. काही वॉकर तेथील असू शकतील आणि त्यांचा कापडाशी काही संबंध नसेल.

अर्थाचा नवा जन्म

स्कॉटलंडमधील किलमारनॉक गावी १८२० साली जॉन वॉकर नावाच्या तरुणाने किराणा दुकान थाटले. पुढे या घराण्याच्या नावाची व्हिस्की जगभर गेली. १९०८ साली टॉम ब्राउन या चित्रकाराने तिच्यासाठी बोधचित्र काढले. त्यात उंच टोपी घातलेला, हातात काठी घेतलेला, ढांगा टाकत चालणारा गृहस्थ आहे. चुकीच्या व्युत्पत्तीचे इतके यशस्वी चित्र दुसरे नसेल. मग हे नाव मुंबईत आले. बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी हा इंदूरचा तरुण मुंबईत बसवाहकाची नोकरी करीत असे. दारुड्याची त्याची नक्कल पाहून गुरुदत्तने त्याला या व्हिस्कीचे नाव दिले आणि ‘बाजी’पासून (१९५१) जॉनी वॉकर हे नाव हिंदी चित्रपटात स्थिरावले. मद्याला हात न लावणारा नट म्हणून तो प्रसिद्ध होता. कापडापासून किराणा, किराण्यापासून मद्य, मद्यापासून विनोद, असा हा प्रवास आहे. आणि प्रत्येक टप्प्यावर मागचा अर्थ गळून पडला आहे.

याहून गंभीर प्रवास अमेरिकेतला आहे. अमेरिकेच्या २०१०च्या जनगणनेत पाच लाखांहून अधिक लोकांचे आडनाव वॉकर होते आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. त्यांच्यापर्यंत हे नाव कसे पोहोचले याचे उत्तर व्युत्पत्तिकोशात मिळत नाही. १८५० व १८६०च्या अमेरिकन जनगणनांत गुलामांची यादी वेगळी असे आणि तीत मालकाच्या नावाखाली वय, लिंग व वर्ण एवढेच लिहीत. गुलामाचे नाव बहुधा लिहीतच नसत. १८६५ साली गुलामगिरी संपली आणि १८७०च्या जनगणनेत ही माणसे प्रथमच आपल्या नावा-आडनावांनिशी सर्वत्र नोंदली गेली. ही आडनावे म्हणजे केवळ शेवटच्या मालकाची नावे, असा समज दीर्घकाळ होता. हर्बर्ट गटमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले की अनेक गुलाम कुटुंबांनी गुलामगिरीतही स्वतःची आडनावे जपली होती. कधी ती पूर्वीच्या, पहिल्या मालकाची असत, कारण विक्रीने तुटलेल्या आईबापांशी जोडणारा तेवढा एकच धागा उरलेला असे. मालकाचे नाव बापाच्या आठवणीसाठी धरून ठेवायचे, एवढी गुंतागुंत त्या नावात असू शकते.

ॲलिस वॉकर यांचा जन्म १९४४ साली जॉर्जिया राज्यातील ईटनटन येथे झाला. ‘द कलर पर्पल’ (१९८२) या कादंबरीस १९८३ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘इन सर्च ऑफ अवर मदर्स गार्डन्स’ या त्यांच्या लेखसंग्रहात आपल्या आडनावाविषयी एक निवेदन आहे. त्यांच्या वडिलांकडील पणजीच्याही मागच्या पिढीतील एक पूर्वज स्त्री, गुलाम म्हणून, दोन तान्ह्या मुलांना कडेवर घेऊन व्हर्जिनियाहून ईटनटनपर्यंत पायी चालत आली होती. त्या चालण्याच्या स्मरणार्थ आपण माहेरचे वॉकर हे आडनाव जाणीवपूर्वक ठेवले आहे, असे त्या सांगतात.

हे केवळ कविकल्पित चालणे नाही. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख गुलामांना व्हर्जिनियासारख्या राज्यांतून दक्षिणेच्या कापूसमळ्यांकडे हलवण्यात आले आणि त्यांतील असंख्य माणसांनी, अनेकदा साखळदंडांनी एकत्र बांधलेल्या अवस्थेत, शेकडो मैल पायी तुडवले. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने जो अर्थ चुकीचा, तो या घराण्याच्या इतिहासात अक्षरशः खरा आहे.

आता भाषाशास्त्राचा अध्यापक त्यांना काय सांगणार? वॉकर म्हणजे चालणारा नव्हे, कापड तुडवणारा, अशी दुरुस्ती करणार? ती दुरुस्ती कोशापुरती योग्य आहे आणि कोशात ती असलीच पाहिजे. लोकव्युत्पत्तीला शास्त्राचा दर्जा देण्याचे कारण नाही. अन्यथा कोणीही कोणताही अर्थ लावील आणि विद्यार्थ्यांच्या हाती काहीच उरणार नाही. पण यॉर्कशरच्या कुंडात उभ्या असलेल्या त्या कारागिराशी ईटनटनच्या त्या स्त्रीचे नाते काय? तिच्या घराण्यावर हे नाव आले ते त्याच्या धंद्यामुळे नव्हे, माणसांच्या खरेदीविक्रीच्या व्यवहारामुळे. त्याच्या अर्थाशी एकनिष्ठ राहण्याचे बंधन तिच्या पणतीवर कोणी घालावे?

ग्रीकमध्ये ‘एटिमॉन’ या शब्दाचा अर्थ ‘खरे’ असा आहे. ‘एटिमॉलॉजी’ म्हणजे शब्दाच्या सत्याचे शास्त्र. वॉकर या आडनावाने या शास्त्राची मर्यादा दाखवली आहे, असे मला वाटते. शब्द कुठून आला हे ते शास्त्र खात्रीने सांगते. तो कोणाच्या वाट्याला आला, कोणत्या बळाने आला आणि ज्याच्या वाट्याला आला त्याने त्याचे काय केले, हे इतिहासाला विचारावे लागते. मध्ययुगात अर्थ गळून पडल्यावर शब्दाचे आडनाव झाले. ॲलिस वॉकर यांनी त्या रिकाम्या आडनावात पुन्हा अर्थ भरला, त्याचा पुन्हा शब्द केला. साहित्याच्या विद्यार्थ्याने या दोन्ही गोष्टी शिकल्या पाहिजेत. कोश उघडण्याची शिस्त आणि कोश मिटल्यावर उरणारा प्रश्न.